ऑनलाइन धंद्याचं पहिल्या वर्षाचं उद्दिष्ट कसं ठरवायचं? (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी जरूर लिहावं)

येळ्ळूरची_सून | १२ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी आणि माझी धाकटी जाऊ मिळून कांदा-लसूण चटणी करतो. घरात ती वर्षानुवर्षं होतेच. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, तीळ-खोबरं वेगवेगळं भाजून. आल्यागेल्या पाहुण्याला डबा भरून द्यायची पद्धत. दिवाळीत पुतण्याने इन्स्टाग्रामवर पान काढून दिलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घ्यायला लागलो. अडीच महिन्यांत अर्ध्या किलोची ४३ पाकिटं गेली. पाकीट ३०० रुपयांना, पाठवायचा खर्च आमचाच.

आता नवीन वर्ष म्हणून वहीच्या पहिल्या पानावर उद्दिष्ट लिहिलं: १० लाखांची विक्री, १०,००० फॉलोअर, आणि पुण्यात माल ठेवायला एक माणूस. हे आकडे एका मोफत वेबिनारमधले. तिथं सांगितलं होतं, मोठं लिहा आणि भिंतीवर लावा. स्वयंपाकघरात लावलंय. रोज पोळ्या लाटताना तिकडं नजर जाते आणि छातीत धस्स होतं. काल सासूबाईंनी विचारलं, "काय गे, हे दहा लाख कुणाला द्यायचे आहेत?" मला उत्तर देता आलं नाही.

ज्यांनी घरातून धंदा सुरू करून एखादं वर्ष काढलंय त्यांनी सांगावं. पहिल्या वर्षी नेमकं काय ठरवायचं?

---

खानापूर_माती | १२ जानेवारी, रात्री ११:२५

ताई, मी मातीची भांडी विकतो. कढई, हंडी, दह्याचं मडकं. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था आमच्या खानापुरातच आहे, त्यामुळे गावात हात चांगले आहेत. माल करणं अवघड नव्हतं.

पहिल्या वर्षी मीही आकडाच लिहिला होता, ५०० भांडी. गेली ३१०. पण खरी गोष्ट त्या ३१० मध्येही नाही. सहातलं एक भांडं वाटेत फुटत होतं. फुटलं की दुसरं पाठवायचं, म्हणजे दोन भांडी आणि दोन पार्सलांचा खर्च, आणि पैसे एकाचेच. जितकी विक्री वाढेल तितका मी खड्ड्यात. आणि मी तर ५०० कडे डोळे लावून बसलो होतो! त्या वर्षी ५०० गेली असती तर घरातलं सोनं मोडावं लागलं असतं.

दुसऱ्या वर्षी एकच ठरवलं: सलग एक महिना एकही भांडं फुटता कामा नये. तोपर्यंत जाहिरात नाही, नवीन वस्तू नाही. हंडीच्या पोटात भाताचा पेंढा दाबून भरायचा, बाहेरून पन्हाळीचा पुठ्ठा, मग पेटी, मग मोठी पेटी. पेटी बांधली की कमरेएवढ्या उंचीवरून अंगणातल्या फरशीवर टाकायची. एकदा बुडावर, एकदा बाजूवर, एकदा कोपऱ्यावर. कोपऱ्यावर टाकल्यावरच खरं कळतं. असं करत करत पाचव्या महिन्यात जमलं, आणि त्यानंतर विक्री आपोआप सरळ झाली.

तुमच्या चटणीत "फुटणं" म्हणजे काय ते आधी शोधा. तेल सुटून पाकीट ओलं होतं का? वास पेटीबाहेर येतो का? आणि एक सांगा, एका पाकिटामागे हातात किती राहतात?

---

शहापूर_पेठ | १३ जानेवारी, सकाळी ८:०५

माझं मत थोडं वेगळं आहे, आणि मनापासून सांगतो. आमचं तिसऱ्या पिढीचं साड्यांचं दुकान. लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉलवर साड्या दाखवायला लागलो ते आजतागायत चालू आहे. त्या वेळी घरातले सगळे म्हणत होते, दोन-चार गिऱ्हाइकं सांभाळ, बास. मी तेव्हा मोठा आकडा धरला म्हणून दुसरा फोन घेतला, दिवे घेतले, एक मुलगी कामाला ठेवली. लहान उद्दिष्ट ठेवलं की माणूस तयारीच लहान करतो. ताई, भिंतीवरचा कागद काढू नका.

---

येळ्ळूरची_सून | १३ जानेवारी, दुपारी ३:१०

खानापूरच्या दादांनी विचारलं म्हणून आज जाऊ आणि मी वही घेऊन बसलो. अर्ध्या किलोला मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, तेल, गरम मसाला आणि कांडपाचे पैसे धरून १४५ रुपये. पाकीट आणि लेबल १४. पेटी, चिकटपट्टी १६. कुरिअर सरासरी ७०. एकूण २४५. म्हणजे ५५ रुपये राहतात. मला वाटलं होतं शंभर तरी राहत असतील.

---

टिळकवाडी_खातेवही | १३ जानेवारी, रात्री ९:३०

मी हिशेब लिहिण्याचं काम करतो, दुसऱ्यांच्या वह्या बघून दिवस जातो. ताई, तुमच्या यादीत दोन माणसं राहिली. तुम्ही आणि तुमची जाऊ.

एका घाण्यात किती चटणी होते आणि किती वेळ लागतो ते तुम्ही लिहिलं नाही. आमच्या घरात दोघींनी १० किलो केली तर निवडणं, भाजणं, कांडप, भरणं धरून दीड दिवस जातो. तसंच धरतो. शेतावरच्या कामाला बाईमाणसाला रोजचे ३०० मिळतात असं धरलं तर दोघींचे दीड दिवसाचे ९००. पाकिटं २०, म्हणजे पाकिटामागे ४५. तुमच्या ५५ मधून ४५ गेले. राहिले १०. वीसातलं एक पाकीट जरी खराब पोचून पुन्हा पाठवावं लागलं तरी त्या एकाचे २४५ जातात. उरलेल्या १९ वर मिळालेले १९० त्याला पुरत नाहीत.

आता भिंतीवरचे १० लाख बघू. ३०० ने भागा: ३,३३३ पाकिटं. म्हणजे १,६६७ किलो चटणी. १० किलोचा घाणा धरला तर १६७ घाणे, दीड दिवसाने २५० दिवस. वर्षातले अडीचशे दिवस तुम्ही दोघी फक्त चटणीच करत राहणार, आणि हातात येणार शेतमजुरी. शहापूरच्या दादांची गोष्ट मला पटते, पण त्यांच्याकडे साडी तयार येते. तिथं हात लागतात ते दाखवायला. इथं प्रत्येक पाकिटात दोन बाईमाणसांचे हात आहेत.

आणखी एक. पावसाळ्यात मिरची वाळवणार कुठं? जून ते सप्टेंबर आपल्याकडे गच्चीवर साडीसुद्धा वाळत नाही.

---

येळ्ळूरची_सून | १३ जानेवारी, रात्री १०:१५

हिशेब वाचून जाऊ गप्पच बसली. मग म्हणाली, बरं झालं कुणीतरी आपल्याला धरलं हिशेबात.

पावसाचं मात्र जमतं. नवीन मिरची जानेवारी ते मार्चमध्ये येते. ती उन्हात कडकडीत वाळवून, देठं काढून घट्ट डब्यात भरून ठेवतो. चटणी लागेल तशी दर महिन्याला करतो, त्यामुळे ताजी जाते. ऊन लागतं ते मिरचीला.

---

निपाणी_नाका | १४ जानेवारी, सकाळी ७:२०

सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा. तीळगूळ घ्या.

ताई, ती ४३ पाकिटं कुठं कुठं गेली? मी विचारतो कारण माझे यातच हात पोळलेत. मी गूळ आणि काकवी विकतो. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पाऊणशे. माझं सगळं गणगोत, बोलणं, बाजार कोल्हापूरकडे. पण कायद्याने कोल्हापूर परराज्य आणि बीदर आपलं राज्य. जीएसटीत असं आहे की कर्नाटकात राहून कर्नाटकातच माल विकला तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सूट आहे, खानापूरच्या दादांनी ते आपल्या सीएंना विचारून घ्यावं. चटणीला ती सूट नाही. कंपोझिशन योजना (लहान धंद्यांना उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर) स्वस्त आहे म्हणून कुणी सुचवेल, पण त्या योजनेत राज्याबाहेर माल विकताच येत नाही. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसाला ती उपयोगाची नाही.

मोठ्या ऑनलाइन बाजारांवर विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात नोंदणीशिवाय विकता येतं, जीएसटीच्या पोर्टलवर नावनोंदणीचा क्रमांक घ्यावा लागतो. तिथंही राज्याची हद्द तीच.

म्हणून आमच्या भागात उद्दिष्टातलं पहिलं वाक्य असं पाहिजे: माझा माल नाक्याच्या अलीकडे जाणार की पलीकडे? पलीकडे जायचं असेल तर नोंदणी करा, तिमाही विवरणपत्र भरा (विक्री शून्य असली तरी भरावं लागतं), त्या कामाचे पैसे महिन्याच्या खर्चात धरा. मी हे सगळं सहा महिने उशिरा शिकलो. ते सहा महिने झोप लागत नव्हती.

दुसरं, सुरुवातीला मी बसने डबे पाठवत होतो. स्वस्त आणि त्याच दिवशी पोचतं. पण सीमेवर वातावरण तापलं की पहिली थांबते ती बस. २०२२ च्या डिसेंबरात थांबली, २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा. दोन्ही वेळा लग्नाची ऑर्डर माझ्या ओसरीवर पडून राहिली. तेव्हापासून कुठलीही तारीख देताना चार दिवस पदरचे धरतो.

---

अथणी_पायताण | १४ जानेवारी, दुपारी १:४५

धागा चांगला चाललाय म्हणून लिहितो. आमच्या घरी कोल्हापुरी चपला बनतात. नाव कोल्हापुरी असलं तरी २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) मिळालं त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकचे चार: बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, कारण "अथणीची म्हणजे नकली का?" असं विचारलं की आजोबांच्या हाताकडे बघून वाईट वाटतं.

आमचं दुखणं मापाचं. पाय रुंद निघतो, चप्पल परत येते. घरपोच पैसे घ्यायचे ठरवलं होतं तेव्हा तर काही लोक दारातूनच परत पाठवायचे. जाण्याचं भाडं आपलं, येण्याचंही आपलं. एका महिन्यात ६० जोड गेले म्हणून घरात पेढे वाटले, आणि पुढच्या महिन्यात त्यातले १४ परत आले. तेव्हा ठरवलं की गेलेला जोड मोजायचाच नाही. पोचून १० दिवस झाले आणि परत आला नाही, तो मोजायचा.

आता गिऱ्हाइकाला सांगतो, कागदावर पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवा, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवा. हे सांगितल्यावर काही जण कंटाळून जातात. जाऊ देत. जे फोटो पाठवतात त्यांचा जोड क्वचितच परत येतो. आगाऊ पैसे घेतो. विक्री कमी झाली, घरात येणारे पैसे वाढले.

---

शहापूर_पेठ | १४ जानेवारी, सायंकाळी ६:५०

हे परत आलेल्या मालाचं अगदी खरं. मी ते लिहायला हवं होतं. साडीत आम्ही कॉलवर दाखवतो, पदर उलगडून, उजेडात धरून, म्हणून परत येणं कमी. आणि माझ्याकडे मोठा आकडा धरायला दुकानाचा आधार होता, तो ताईंकडे नाही, हेही मान्य. तरी एक आग्रह राहील: लहान उद्दिष्टाला तारीख असू द्या. तारीख नसली की माणूस वर्षभर "सुरुवात आहे" म्हणत राहतो.

---

बेंगळुरूतला_बेळगावकर | १४ जानेवारी, रात्री ११:००

मी धंदेवाला नाही, गिऱ्हाईक आहे. माझा गाव वडगाव, नोकरी इथं. घरच्या चटणीसाठी आम्ही इथले लोक दिवाळी-गणपतीला पिशव्या भरभरून नेतो आणि दोन महिन्यांत संपते. मी आतापर्यंत सहा जणांकडून ऑनलाइन मागवली. पुन्हा मागवली ती एकीकडूनच. त्यांच्या पाकिटावर कधी केली ती तारीख स्पष्ट होती, आणि दीड महिन्याने त्यांचा मेसेज आला, "संपत आली असेल ना?" बाकीच्या पाचांनी मला रोज फुलांचे फोटो पाठवले, पण संपली का म्हणून कुणी विचारलं नाही.

ताई, माझ्यासारख्या माणसाला शोधण्यापेक्षा ज्यांनी एकदा घेतली त्यांना विचारा. आणि बेंगळुरू कर्नाटकातच आहे!

---

येळ्ळूरची_सून | १५ जानेवारी, दुपारी २:३०

काल रात्री सगळे पत्ते मोजले. ४३ पाकिटं ३६ घरांत गेलीत. त्यातली २४ घरं पुणे, कोल्हापूर, गोव्यातली. म्हणजे निपाणीच्या दादांनी सांगितलेलं आमच्यावर आधीच येऊन पडलंय. उद्याच सीएंकडे जाते, तोवर पलीकडच्या ऑर्डरी थांबवल्या आहेत. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी मात्र सुरुवातीलाच केली होती, आम्ही केली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. तिथल्या माणसाने एक चांगलं सांगितलं, की लेबलवरचा तपशील इंग्रजीत किंवा हिंदीत हवाच, सोबत दुसरी भाषा चालते. आमचं पहिलं लेबल नुसतं मराठीत होतं, ते बदलून इंग्रजी, मराठी आणि कन्नड केलं. आता हुबळीच्या दोन आक्का कन्नड वाचून विचारायला लागल्यात.

३६ पैकी ७ घरांनी दुसऱ्यांदा घेतली. बाकीच्या २९ जणांना आम्ही कधी विचारलंच नाही.

---

निपाणी_नाका | १५ जानेवारी, रात्री ८:१५

ताई, आणखी एक गोष्ट, यात तुमचे पैसे आहेत. कुरिअरचा दर अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्याने चढतो. अर्धा किलो चटणी पेटीत घातली की वजन ५७०-५८० ग्रॅम भरतं आणि दर पुढच्या टप्प्याचा, एक किलोचा लागतो. मी काकवीच्या बाटलीत वर्षभर हेच भरत होतो. ४०० ग्रॅमचं पाकीट करा, पेटीसकट अर्ध्या किलोच्या आत बसतं.

पेटीचं मापही बघा. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, आणि ते उत्तर खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्यावर पैसे घेतात. २० बाय १५ बाय १० ची पेटी ०.६ किलो धरली जाते, मग आत कापूस असला तरी. २० बाय १२ बाय १० घेतली तर ०.४८. तीन सेंटीमीटरचा फरक आहे.

---

टिळकवाडी_खातेवही | १५ जानेवारी, रात्री १०:०५

मग ४०० ग्रॅमचा हिशेब मांडून बघू. माल ११६, पाकीट-लेबल १४, लहान पेटी १२, राज्यातलं कुरिअर ४५ धरतो. झाले १८७. किंमत २६० ठेवली तर ७३ राहतात. दोघींची मजुरी ३६. ती देऊनही ३७ शिल्लक. आधी १० होते.

आता आठवड्याला किती घाणे झेपतील ते तुम्ही दोघींनी ठरवा, घर, शेत, मुलांची शाळा बघून. तो तुमचा वरचा काठ. उद्दिष्ट त्याच्या बरंच खाली असावं. सध्या महिन्याला सतरा पाकिटं जातात. वर्षाअखेर सरासरी दुप्पट झाली तर पहिल्या वर्षाला ते भरपूर आहे, असं माझं प्रामाणिक मत. धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, आणि मजुरी दर महिन्याच्या एक तारखेला दोघींच्या नावावर खरोखर टाका. वहीत नुसती लिहिलेली मजुरी घरखर्चात विरघळते.

---

खानापूर_माती | १६ जानेवारी, सकाळी ६:५५

आणि पेटी कोपऱ्यावर टाकून बघा, विसरू नका.

---

येळ्ळूरची_सून | ९ मार्च, रात्री ९:५०

सगळ्यांनी एवढं लिहिलंत, म्हणून पुढं काय झालं ते सांगायला आले.

भिंतीवरचा कागद काढला. टाकला नाही, वहीत घडी करून ठेवलाय, कारण शहापूरच्या दादांचं म्हणणंही मनात आहे. त्या जागी नवीन लावलाय: दिवाळीच्या पाडव्यापर्यंत ४०० ग्रॅमची ३०० पाकिटं, म्हणजे १२ घाणे. नव्या दहा घरांतली चार तरी तीन महिन्यांत पुन्हा मागवतील असं बघायचं. दोघींची मजुरी एक तारखेला. फॉलोअरचा आकडा लिहिलाच नाही.

नोंदणी झाली, पण विवरणपत्रं वगैरे अंगवळणी पडेपर्यंत जूनअखेर कर्नाटकातच पाठवायचं ठरवलंय. पुण्याच्या गिऱ्हाइकांना तसं कळवलं. त्यातल्या तिघी म्हणाल्या, जुलैत पहिलं पाकीट आम्हाला.

त्या २९ घरांना फोन केले. मेसेज नाही, फोनच. दोन दिवस लागले. एका काकूंनी सांगितलं की पाकीट उघडल्यावर पुन्हा बंद होत नाही, म्हणून त्या घेत नाहीत. आम्ही कात्रीने कापून बरणीत ओततो, त्यामुळे हे आमच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आता वरून दाबून बंद होणारं पाकीट आणलंय, दोन रुपये जास्त पडतात. पेटी कोपऱ्यावर टाकली तेव्हा जुन्या पाकिटाची शिवण सुटली होती, नव्याची सुटली नाही.

फेब्रुवारीत २६ गेली. जावेने तिच्या पहिल्या मजुरीतून मुलीच्या शाळेची सहल भरली. सासूबाई आता मिरचीची देठं काढायला बसतात आणि "माझी मजुरी किती?" म्हणून विचारतात, तेव्हा त्यांनाही हिशेबात घ्यायचंय. खातेवहीवाल्या दादा, तेवढं कसं मांडायचं ते सांगा.

आज बेंगळुरूचं पाकीट बांधलं. काट्यावर पेटीसकट ४६८ ग्रॅम भरलं.